घरच्या वर्कशॉपमध्ये दीड सीसीचे डिझेल इंजिन

१२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि १३ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) असलेले, म्हणजे सुमारे दीड सीसीचे, चालणारे डिझेल इंजिन घरच्या लेथवर कसे तयार करावे याची ही कृती आहे. तळहातावर मावणाऱ्या या इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही, ग्लो प्लग लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. पुढे लावलेला पंखा बोटाने झटकला की आतील मिश्रण दाबले जाऊन तापते, आपोआप पेटते आणि इंजिन चालू लागते. लेथवर टर्निंग, बोअरिंग आणि आटे पाडणे ज्यांना नीट जमते, त्यांनी रोज दोन-तीन तास दिल्यास दोन महिन्यांत हे काम पूर्ण होऊ शकते. त्यातला निम्मा वेळ एकाच गोष्टीला द्यावा लागतो, आणि ती म्हणजे लायनरमधला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोलादी नळीतला, पिस्टनचा फिट. बाकीच्या भागांत थोडे इकडे-तिकडे झाले तरी इंजिन ते सांभाळून घेते. हा फिट चुकला तर इंजिन कधीच चालत नाही. म्हणून या लेखातही त्याच भागाला अधिक जागा दिली आहे.

नावाबद्दल आधी स्पष्ट सांगायला हवे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये फक्त हवा दाबली जात असे आणि इंधन नेमक्या क्षणी जोराने आत सोडले जात असे. हे तत्त्व आपल्या आकारात आणणे घरच्या वर्कशॉपच्या आवाक्याबाहेरचे आहे. दीड सीसी हवेचे वजन सुमारे १.८ मिलिग्रॅम भरते आणि तिच्यात पूर्ण जळू शकणारे रॉकेल एका मिलिग्रॅमच्या आठव्या हिश्श्याएवढे, म्हणजे आकारमानाने साधारण ०.१५ घन मिलिमीटर असते. मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या भागाएवढा हा थेंब मिनिटाला सहा-सात हजार वेळा अचूक मोजून सोडणारा पंप आणि नोझल बनवणे इंजिनापेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून लहान इंजिनांत इंधन आणि हवा कार्ब्युरेटरमध्येच एकत्र केली जातात आणि ते मिश्रण दाबून पेटवले जाते. रॉकेलमध्ये ईथर मिसळलेले असल्यामुळे हे जमते, कारण ईथर सुमारे १६० अंश सेल्सिअसलाच स्वतःहून पेट घेते.

ही पद्धत नवी नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९४१ च्या सुमारास डायनो नावाचे असे इंजिन बाजारात आले आणि महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ब्रिटनमध्ये मिल्स १.३ हे इंजिन विक्रीला आले. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत ज्यांनी दोरीवरची मॉडेल विमाने उडवली आहेत, त्यांना ईथर आणि एरंडेलाचा तो एकत्र वास लगेच आठवेल. येथे दिलेली रचना मिल्ससारखीच, साइडपोर्ट पद्धतीची आहे. हवा आत घेण्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह नसतो; पिस्टन वर गेला की त्याच्या स्कर्टखालून (खालच्या कडेखालून) मागचा पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतले भोक, उघडतो. पहिल्या इंजिनासाठी याहून सोपी रचना मला माहीत नाही.

साधने आणि धातू

साडेतीन इंच सेंटर हाइटचे चांगल्या स्थितीतले लेथ, चार जबड्यांचा चक, ड्रिलिंग मशीन, ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, डायल गेज, ३, ४ आणि ७ मिलिमीटरचे रीमर, एम २.५ ते एम ५ पर्यंतचे टॅप-डाय आणि लहान कानशींचा संच एवढे पुरते. मिलिंग मशीन असल्यास काम झपाट्याने होते. नसल्यास लेथच्या क्रॉस-स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड बसवून भागते.

लायनरसाठी ईएन १ ए किंवा ईएन ८ जातीच्या पोलादाची सळी घ्यावी. पिस्टन आणि काँट्रा-पिस्टन (सिलिंडरचे वर-खाली सरकवता येणारे छत) बीडाचेच, म्हणजे ओतीव लोखंडाचेच, करावेत. ॲल्युमिनियमचा पिस्टन हलका असतो हे खरे. परंतु तापल्यावर तो पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, आणि रिंग नसलेल्या या इंजिनात तो एक तर गार असताना गळतो किंवा तापल्यावर जॅम होतो. बीड आणि पोलाद यांचे प्रसरण जवळपास सारखे असल्याने फिट शेवटपर्यंत टिकतो. बीड बारीक कणांचे आणि पोकळ्या नसलेले हवे; फाउंड्रीतून सलग ओतलेल्या सळीचा तुकडा मिळाला तर उत्तम. कोल्हापूर, सांगली किंवा पुण्यासारख्या ठिकाणी ओळखीच्या कारखानदाराकडे असा वीतभर तुकडा सहज मिळतो. क्रँकशाफ्टसाठी ईएन २४, क्रँककेससाठी ६०६१ किंवा ६०८२ जातीचे ॲल्युमिनियम, कनेक्टिंग रॉडसाठी २०१४ किंवा ७०७५ जातीची ॲल्युमिनियमची पट्टी, बुशसाठी गनमेटल आणि पिस्टनच्या पिनसाठी ३ मिलिमीटरची सिल्व्हर स्टीलची सळी घ्यावी.

मापे

पुढील सर्व उंच्या पिस्टन सर्वांत वर असताना त्याचा माथा जेथे असतो त्या रेषेपासून खाली मोजल्या आहेत. क्रँकची त्रिज्या ६.५ मिलिमीटर आणि कनेक्टिंग रॉडच्या दोन भोकांमधले अंतर २६ मिलिमीटर धरले आहे. एक्झॉस्ट पोर्टची वरची कडा ९.९ मिलिमीटरवर आणि खालची १३ मिलिमीटरवर ठेवली की तो क्रँकच्या १३० अंशांच्या फेऱ्यात उघडा राहतो. ट्रान्सफर पोर्टची वरची कडा १०.८ मिलिमीटरवर असावी, म्हणजे तो ११० अंश उघडा राहतो. एक्झॉस्ट आधी उघडतो, जळलेला वायू बाहेर पडून आतला दाब उतरतो आणि मगच क्रँककेसमधले ताजे मिश्रण वर येते. या दोन कडांमधला जेमतेम ०.९ मिलिमीटरचा फरक फार महत्त्वाचा आहे. पिस्टनची लांबी १५ मिलिमीटर आहे. मागचा इनलेट पोर्ट १५ ते १८.३ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवला की तोही ११० अंश उघडतो. पिस्टनची पिन माथ्यापासून ७ मिलिमीटर खाली येते, त्यामुळे क्रँकशाफ्टचे केंद्र ३९.५ मिलिमीटरवर बसते. क्रँकच्या वेबचा, म्हणजे क्रँक-पिन धरणाऱ्या चकतीचा, व्यास २० मिलिमीटर असल्याने पिस्टन तळाशी आल्यावर स्कर्ट आणि वेब यांच्यात दीड मिलिमीटर जागा उरते. एखादे माप बदलायचे असेल तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडल्याशिवाय धातूला टूल लावू नये.

लायनरचा बाहेरचा व्यास १५ मिलिमीटर, कॉलरचा १९ मिलिमीटर आणि एकूण लांबी ३२ मिलिमीटर आहे. तो रेषेच्या वर ८ मिलिमीटर आणि खाली २४ मिलिमीटर येतो. कॉलर एक्झॉस्टच्या थोडी वर असते आणि क्रँककेसच्या माथ्यावर टेकते. तिच्यावर पंखांचे ॲल्युमिनियमचे जॅकेट आणि हेड येते. चार लांब एम २.५ स्क्रू हेडमधून थेट क्रँककेसमध्ये जातात आणि सर्व काही आवळून धरतात.

क्रँककेस आणि क्रँकशाफ्ट

क्रँककेस सबंध ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढावी. येथे एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची आहे: सिलिंडरचा अक्ष आणि क्रँकशाफ्टचा अक्ष एकमेकांना काटकोनात असले पाहिजेत आणि एकाच प्रतलात यायला हवेत. प्रथम ठोकळा चार जबड्यांच्या चकात धरून पुढच्या बुशचे भोक आणि वेबसाठी २०.५ मिलिमीटरची पोकळी एकाच धरणीत काढावी, मध्येच जॉब सोडू नये. त्यानंतर फेसप्लेटवर अँगल प्लेट बसवून, त्याच भोकात घट्ट बसणारी सळी घालून डायलने तिचा काटकोन तपासावा आणि मग १५ मिलिमीटरचे लायनरचे भोक बोअर करावे. या भोकात एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला ट्रान्सफरची खाच, समोर एक्झॉस्टची खिडकी आणि मागे इनलेटच्या नळीसाठी आटे काढावेत. गनमेटलचे बुश २५ मिलिमीटर लांब ठेवावे. ते केवळ बेअरिंग नाही. क्रँककेसमधला दाब अडवण्याचे कामही तेच करते, म्हणून आखूड बुश चालत नाही. बुश दाबून बसवल्यावरच ७ मिलिमीटरचा रीमर फिरवावा.

क्रँकशाफ्टसाठी ईएन २४ ची २२ मिलिमीटरची सळी दोन सेंटरांमध्ये धरून जर्नल (बुशमध्ये फिरणारा भाग) ७ मिलिमीटरला आणावा आणि बुशमध्ये शंभरातले दोन भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर, प्ले ठेवावा. टोकाला पंख्यासाठी एम ५ चे आटे पाडावेत. क्रँक-पिन काढण्यासाठी माइल्ड स्टीलच्या जाड सळीत ६.५ मिलिमीटर बाजूला ७ मिलिमीटरचे भोक पाडून आणि सळी चिरून एक धारक बनवावा व त्यात जर्नल आवळून धरावा. हे भोक पाडताना धारकाची सळी चार जबड्यांच्या चकात ६.५ मिलिमीटर सरकवून लावावी लागते. एका फेऱ्यात तिची एकूण हालचाल १३ मिलिमीटर होते आणि नेहमीच्या डायल गेजची धाव १० मिलिमीटरच असते, त्यामुळे ते क्रॉस-स्लाइडवर धरून, सळीच्या दोन्ही टोकांच्या स्थितींत गेज शून्यावर आणून स्लाइडच्या आकड्यांतला फरक वाचावा. पिन ४ मिलिमीटर व्यासाची ठेवावी, तिच्या बुडाशी छोटी गोलाई सोडावी आणि बारीक एमरीने तिला आरशासारखी झळाळी आणावी. शेवटी पिनच्या दोन्ही बाजूंनी वेब कापून समतोल साधावा. तो पूर्ण साधत नाही आणि या आकारात त्याने फारसे बिघडतही नाही.

लायनर आणि लॅपिंग

येथून पुढे घाई करू नये. लायनर बाहेरून तयार करून बोअर ११.९७ मिलिमीटरपर्यंत आणावा, शेवटचे दोन-तीन कट अगदी हलके आणि त्याच सेटिंगवर घ्यावेत. त्यानंतर पोर्ट काढावेत. एक्झॉस्टचे पाच-पाच मिलिमीटर रुंदीचे दोन खण करून मध्ये बारीक दांडी ठेवावी. समोरच्या बाजूची ट्रान्सफरची भोके ४५ अंशांत वरच्या दिशेने तिरपी पाडावीत, म्हणजे ताजे मिश्रण आधी हेडकडे झेपावते आणि सरळ एक्झॉस्टमधून निसटून जात नाही. पोर्टच्या कडांवरची बर (कापताना उठलेली धातूची बारीक किनार) आतून बारीक दगडाने काढून टाकावी. पोर्ट आधी आणि लॅपिंग (भुकटीने बारीक घासणे) नंतर हा क्रम कधीही उलटू नये. लॅप केलेल्या बोअरवर कानस चालवली की आधीची सारी मेहनत वाया जाते.

लॅप म्हणजे ॲल्युमिनियमची सुमारे ६० मिलिमीटर लांबीची, बोअरमध्ये सैल जाईल अशी सळी. तिला मधोमध भोक पाडून लांबीत चिरावे आणि टोकाला निमुळता स्क्रू बसवावा. स्क्रू आवळला की ती केसभर फुगते. लॅप चकात धरून मिनिटाला अडीचशेच्या आसपास फेरे ठेवावेत. त्यावर ४०० ग्रेडची सिलिकॉन कार्बाइड भुकटी तेलात कालवून अगदी थोडी लावावी. लायनर हाताने पकडून, सतत पुढे-मागे करत आणि मधूनमधून हातातच फिरवत चालवावा. एका जागी तो क्षणभरही थांबला तर तेथे खळगा पडतो. सुरुवातीला हाताला कुठे घट्ट, कुठे सैल असे लागते आणि आवाजही खरखरीत येतो. थोड्या वेळाने खरखर मिटून एकसारखा मऊ स्वर येऊ लागला की भुकटीची धार संपली असे समजावे, लायनर धुवावा आणि बारीक ग्रेड घ्यावी. ४०० नंतर ६०० आणि शेवटी १००० ची ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरावी.

बोअर सरळ नळीसारखा नको. वरच्या अंगाला तो अगदी किंचित निमुळता हवा. एक्झॉस्टच्या खाली तो मोकळा असतो आणि तेथून वर जाताना एकूण शंभरातला एक भाग, म्हणजे ०.०१ मिलिमीटर, आवळत जातो. इंजिन चालते तेव्हा वरचा भाग अधिक तापतो आणि अधिक फुगतो. गार असताना आवळलेला बोअर त्या वेळी सरळ होतो. हा निमुळतेपणा आणण्यासाठी लॅप नेहमी खालच्या तोंडातून घालावा, खालच्या दोन-तृतीयांशात जास्त फेऱ्या द्याव्यात आणि वरच्या भागात मोजक्याच. बोअर गेज नसेल तर ११.९८, ११.९९ आणि १२.०० मिलिमीटरचे तीन प्लग वळून आणि पॉलिश करून ठेवावेत. कोणता प्लग खालून किती आत जातो, यावरून निमुळतेपणाचा अगदी खात्रीचा अंदाज येतो.

माप घेण्याआधी लायनर गार होऊ द्यावा. १२ मिलिमीटरचे पोलाद २० अंशांनी तापले तर जवळपास तीन मायक्रॉन फुगते, आणि आपण ज्या फिटच्या मागे आहोत तोच मुळी चार-पाच मायक्रॉनचा आहे. लॅपिंगने लायनर हाताला कोमट लागत असेल, तर त्या क्षणी घेतलेले माप निरुपयोगी समजावे. मी लायनर, प्लग आणि मायक्रोमीटर असे तिन्ही एकाच फरशीवर अर्धा तास ठेवतो आणि मगच मोजतो. फरशी तिघांनाही एकाच तापमानाला आणते.

पिस्टन

बीडाची १४ मिलिमीटरची सळी चकात धरून स्कर्टची बाजू बाहेर ठेवावी. आधी आतली पोकळी काढावी. स्कर्टजवळ ती ९.५ मिलिमीटर व्यासाची असावी. वरच्या भागात मात्र पिनच्या दोन्ही अंगांना आधार राहावा म्हणून केवळ ५.५ मिलिमीटर रुंदीची खाच काढावी. माथा दोन मिलिमीटर जाड राहू द्यावा. पिनचे ३ मिलिमीटरचे आडवे भोकही याच टप्प्यावर रीम करून घ्यावे. मग बाहेरचा व्यास बोअरपेक्षा ०.०२ मिलिमीटर मोठा ठेवून वळावा आणि पिस्टन सळीपासून न तोडता तसाच लॅप करावा. येथे लॅप अंगठीसारखा असतो: ॲल्युमिनियमच्या जाड कड्याला १२ मिलिमीटरचे भोक, एका बाजूने चीर आणि आवळण्यासाठी स्क्रू.

पिस्टनला सिलिकॉन कार्बाइड लावू नये. त्याचे टोकदार कण बीडात रुतून बसतात आणि धुतले तरी निघत नाहीत. माझे पहिले इंजिन याच कारणाने गेले. ते चालू झाले, पाच-सहा मिनिटे उत्तम चालले आणि मग पंखा झटकताना हाताला लागणारा प्रतिकार हळूहळू नाहीसा झाला. उघडून पाहिले तर लायनरच्या आतून वरपासून खालपर्यंत सरळ, समांतर ओरखडे होते. दीड महिन्याचे काम होते. तेव्हापासून पिस्टनसाठी फक्त ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि शेवटची दोन मिनिटे धातू चकाकवण्याचे साधे पॉलिश, एवढेच मी वापरतो. पिस्टन लायनरमध्येच घालून भुकटीने घासण्याचा मोहही टाळावा, कारण त्याने निमुळतेपणा मोडतो आणि पोर्टच्या कडा गोल होतात.

प्रत्येक तपासणीपूर्वी दोन्ही भाग धुणे ही वेगळी शिस्त आहे. आधी रॉकेलमध्ये ब्रशने, मग साबण घातलेल्या गरम पाण्यात आणि शेवटी पुन्हा स्वच्छ रॉकेलमध्ये धुवावेत. जुन्या पांढऱ्या धोतराचा फडका बोअरमधून ओढल्यावर त्यावर करडी छटा उमटत असेल, तर भाग अजून स्वच्छ झालेला नाही. स्वच्छ झाल्यावर पातळ तेलाचा थेंब लावून पिस्टन खालून लायनरमध्ये सारावा. एक्झॉस्टपर्यंत तो बोटाच्या हलक्या दाबाने जावा, तेथून वर घट्ट होत जावा, आणि वरच्या टोकाजवळ जोर लावावा लागावा पण अडकू नये. एवढे जमले की पिस्टन सळीवरून तोडावा, माथा सपाट करावा आणि कडेची बर दगडाच्या एका हलक्या स्पर्शाने काढावी. तेथे चॅम्फर करू नये, म्हणजे कड तिरपी उतरवू नये.

काँट्रा-पिस्टन

लायनरच्या वरच्या टोकात बसणारा ५ मिलिमीटर जाडीचा हा बीडाचा तुकडा म्हणजे सिलिंडरचे सरकते छत आहे. हेडमधला स्क्रू आवळला की तो खाली येतो आणि कॉम्प्रेशन वाढते. स्क्रू सैल केला की आतला दाबच त्याला वर ढकलतो. म्हणून त्याचा फिट पिस्टनपेक्षा घट्ट हवा. वरून हाताने अर्धा आत जाईल आणि पुढे दाबूनच सरकेल, असा तो लॅप करावा. फार घट्ट झाला तर इंजिन तापल्यावर तो वर येत नाही आणि कॉम्प्रेशन कमी करता येत नाही. सैल झाला तर गळतो.

हेडमध्ये एम ४ चा स्क्रू वापरला तर त्याच्या पूर्ण फेऱ्याला ०.७ मिलिमीटरची सरक मिळते. पिस्टन वर असताना माथा आणि काँट्रा-पिस्टन यांच्यात ०.८७ मिलिमीटर अंतर असेल तर कॉम्प्रेशनचे प्रमाण १६ ला १ येते. स्क्रू पाव फेरा आवळला की अंतर ०.७ मिलिमीटरच्या आसपास उरते आणि प्रमाण जवळपास २० ला १ होते. म्हणजे चालू न होणारे इंजिन आणि ठोके देत अडणारे इंजिन यांच्यात केवळ पाव फेऱ्याचे अंतर आहे. हा हिशेब मनात ठेवला तर स्क्रू एका वेळी कधीही घड्याळातल्या पाच मिनिटांपेक्षा जास्त फिरवला जात नाही. स्क्रूला दोन इंचांची आडवी दांडी लावावी, म्हणजे एवढी बारीक हालचाल हाताला कळते.

रॉड, सुई आणि जोडणी

कनेक्टिंग रॉड ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून काढावा. ४ आणि ३ मिलिमीटरची दोन्ही भोके पट्टी न हलवता एकाच मांडणीत पाडावीत, मग कडा कानशीने उतरवाव्यात आणि मोठ्या भोकाला खालून एक मिलिमीटरचे तेलाचे छिद्र द्यावे. पिस्टनची पिन पिस्टनच्या व्यासाहून अर्धा-पाऊण मिलिमीटर आखूड ठेवून दोन्ही टोकांना पितळेच्या टिकल्या बसवाव्यात. पोलादी टोक बोअरला लागता कामा नये.

इनलेटची नळी आतून ४ मिलिमीटर ठेवावी. तिच्यातून आडवी जाणारी पितळेची नळी आणि तिला इंजिनाच्या दिशेने ०.७ मिलिमीटरचे एक भोक, हा झाला जेट. शिवणाची जाड सुई पितळेच्या आट्यांच्या टोपीत झाळली की इंधनाची सुई तयार होते. टोपीवर स्प्रिंग बसवावी, नाहीतर कंपनाने सुई आपोआप फिरत राहते.

जोडणीच्या वेळी प्रत्येक भाग पुन्हा एकदा धुवावा. सर्व सांध्यांना पातळ कागदाचे तेल लावलेले गॅस्केट पुरते. चार स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळावेत, कारण एका बाजूने आवळल्यास एवढा पातळ लायनर वाकडा होतो आणि पिस्टन लगेच घट्ट होतो. जोडल्यावर पंखा फिरवताना वरच्या टोकाला ठाम प्रतिकार लागावा आणि हात सोडल्यावर पंखा उसळून मागे यावा.

इंधन

नव्या इंजिनासाठी ईथर, रॉकेल आणि एरंडेल समभाग घ्यावे. आधी ईथर आणि एरंडेल एकत्र करावे आणि मग रॉकेल घालावे; एरंडेल नुसत्या रॉकेलमध्ये नीट विरघळत नाही, ईथर त्यांना एकत्र धरते. रॉकेल खुल्या बाजारातले पांढरे आणि एरंडेल शुद्ध, काहीही न मिसळलेले असावे. इंजिन रुळल्यावर एरंडेल एक-चतुर्थांशापर्यंत उतरवता येते.

ईथरबाबत कसलीही सवलत घेऊ नये. ते ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे वैशाखातल्या दुपारी विदर्भातच काय, पुण्यातही बाटली उघडताच ते उकळू शकते. त्याची वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असते, ती जमिनीलगत सरपटत दूरवर जाते आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसच्या शेगडीने किंवा देवघरातल्या समईनेही पेट घेते. म्हणून मिश्रण भल्या पहाटे, घराबाहेर, मोकळ्या हवेत करावे. रसायन-विक्रेत्याकडून तो मागेल ती कागदपत्रे देऊन लागेल तेवढेच ईथर घ्यावे, गडद रंगाच्या बाटलीत थंड जागी ठेवावे आणि उघडलेली बाटली वर्षानुवर्षे साठवू नये. हवा लागून त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. तळाशी किंवा बुचाजवळ खडे दिसणाऱ्या जुन्या बाटलीला हातच लावू नये. मुलांना या कामाजवळ येऊ देऊ नये.

पहिली सुरुवात

इंजिन जाड लाकडी ठोकळ्यावर स्क्रूने बसवावे आणि ठोकळा मोकळ्या हवेत बाकाला क्लॅम्पने जखडावा. पंखा ८ × ४ किंवा ९ × ४ इंचांचा, न तडकलेला घ्यावा. हातात जाड चामडी मोजा घालावा, किंवा रबरी नळी चढवलेला लाकडी दांडा वापरावा, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि पंख्याच्या फिरण्याच्या प्रतलात कोणालाही उभे राहू देऊ नये.

सुई दोन-तीन फेरे उघडावी, इनलेटवर बोट ठेवून पंखा दोनदा फिरवावा, म्हणजे इंधन जेटपर्यंत येते. एक्झॉस्टमधून दोन थेंब पिस्टनवर सोडावेत. कॉम्प्रेशन कमी ठेवून पंखा जोराने झटकत राहावे आणि दर पाच-सहा झटक्यांनंतर स्क्रू किंचित आवळावा. एखाद्या झटक्याला फट् असा आवाज आणि पांढरट धूर आला की जागा जवळ आली असे समजावे. झटकताना पंखा एकदम दगडासारखा अडला तर मुळीच जोर लावू नये. आत इंधन साचले आहे आणि द्रव दाबला जात नाही. बळ केले तर रॉड वाकतो. स्क्रू अर्धा फेरा सैल करून, पंखा सावकाश फिरवून इंधन बाहेर काढावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

इंजिन पकडले की त्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. आवाज तुटक येऊन फेरे चुकत असतील तर कॉम्प्रेशन थोडे वाढवावे. आवाज जड, कण्हल्यासारखा होऊन वेग पडत असेल तर कॉम्प्रेशन जास्त झाले आहे, ते लगेच कमी करावे. वेग वाढत जाऊन इंजिन अचानक थांबले तर इंधन कमी पडते आहे, सुई थोडी उघडावी. बंद करण्यासाठी इंधनाची नळी चिमटीत धरावी. या इंजिनाला बंद करण्याचे दुसरे बटण नाही.

पहिल्या दिवशी एका वेळी एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये. सुई उघडी ठेवून, भरपूर तेल बाहेर फेकू देत चालवावे आणि मग हात लावता येईल इतके गार होऊ द्यावे. एक्झॉस्टमधून येणारे तेल सुरुवातीला काळपट असते, त्यात पिस्टनची बारीक झीज मिसळलेली असते. अशा दहा-पंधरा धावांनंतर ते तेल स्वच्छ, मधाच्या रंगाचे येऊ लागते. त्यानंतरच सुई हळूहळू मिटत न्यावी आणि पूर्ण वेग पाहावा. दर दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करावी, इंजिन कोरडे होईपर्यंत झटकावे, एक्झॉस्टमधून आणि इनलेटमधून पातळ तेलाचे चार थेंब सोडून पंखा दहा वेळा फिरवावा. एरंडेल आत वाळले तर पिस्टन चिकटून बसतो. तसे झालेच तर इंजिन रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी हाताने सावकाश सोडवावे.